पडद्यावर रक्त, डोळ्यात सुई

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. सासऱ्यांचं वय ६४, बारा-तेरा वर्षं झाली शुगर आहे. गोळ्या चालू आहेत, पण रोपलावणीच्या दिवसांत चुकतात. दोन वर्षांमागे शिबिरात उजव्या डोळ्याचा मोती काढला, त्या डोळ्यानं बरं दिसतं. महिन्यापूर्वी डाव्या डोळ्यासमोर आधी काळे धागे आले आणि दोन दिवसांत सगळं धुरकट झालं. दुखत नाही, डोळा लालही नाही. इथल्या डॉक्टरांनी थेंब घालून बघितलं आणि सांगितलं, पडद्यावरून रक्त आलंय, बेळगावला जा, लेसर लागेल, डोळ्यात सुयाही द्याव्या लागतील. सुई म्हटल्यावर सासरे हटून बसलेत. गावात एकाला सुया दिल्या आणि डोळा गेला म्हणतात. दीर म्हणतात, मोतीच असेल, पिकू दे की अजून. नणंदेनं एका वैद्याचे थेंब आणून दिलेत. भाताची सुगी झाल्यावर गेलं तर चालेल का? सुईनं डोळा जातो का? बेळगाव, हुबळी की मिरज? आणि खर्च कसा भागवायचा?

ता.क. आमचे मालक बेळगावहून गोव्याला भाजीची गाडी घेऊन जातात. जाड चष्मा आहे, उणे आठ. चार दिवस झाले, अंधारात उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतंय आणि माश्या उडताना दिसतात. ते म्हणतात समोरच्या गाड्यांच्या लाइटमुळे होतंय. चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा का?

एक सून, खानापूर तालुका

उत्तर: ताई, ता.क.मध्ये लिहिलंत तेच आधी घेतो. पत्रावर फोन नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोललो आणि मालकांना दुसऱ्या दिवशीची गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. आता तुमचा निरोप आलाय, की बेळगावात तपासल्यावर पडद्याला वरच्या बाजूला बारीक भोक सापडलं, भोवतीनं लेसर झालं आणि पडदा जागेवर आहे. छान झालं. पण हे सदर वाचणाऱ्यांच्या घरीही उणे नंबरवाले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ गर असतो. वय वाढतं तसा तो पातळ होतो, आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटू लागतो. सुटताना पडद्याला ओढ बसली की मेंदूला प्रकाश दिसल्याचा भास होतो, तीच ती वीज. गरातल्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते, त्या माश्या. पन्नाशी-साठीनंतर हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. ज्यांचा उणे नंबर मोठा, त्यांना मात्र ते लवकर होतं, कारण त्यांचा डोळा लांबट आणि पडदा ताणलेला, पातळ असतो. वीज आणि माश्या अचानक सुरू झालेल्या दहा जणांत साधारण एकाच्या पडद्याला चीर किंवा भोक सापडतं. आपल्याकडच्या पावसात भिंतीला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि रंगाचा पापुद्रा सुटत जातो, तसंच इथे होतं. भोकातून पाणी मागे झिरपतं आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो.

समोरच्या गाडीच्या लाइटचा त्रास दोन्ही डोळ्यांना होतो आणि गाडी गेली की संपतो. मालकांची वीज एकाच डोळ्याच्या कडेला होती, आणि अंधाऱ्या खोलीत डोळा झटकन फिरवला तरी चमकत होती. इथेच फरक कळतो. अर्धशिशीतही नागमोडी झगमग दिसते, पण ती दोन्ही डोळ्यांत असते, पंधरा-वीस मिनिटांत ओसरते आणि मागाहून डोकं दुखतं. एका डोळ्यात वीज, काजळी सांडल्यासारखे ठिपके, कडेनं सावली चढत येणं, यातलं काहीही नव्यानं दिसलं तर चष्म्याच्या दुकानात जायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघणाऱ्याकडे जायचं. पडदा सुटलेला असेल पण मधला भाग अजून चिकटलेला असेल, तर तेवढ्या एक-दोन दिवसांत केलेल्या ऑपरेशननं वाचता येणारी नजर वाचते. मधला भागही सुटला, की पडदा पुन्हा बसवता येतो, दहापैकी आठ-नऊ जणांचा पहिल्याच ऑपरेशनला बसतोही, पण अक्षरं पूर्वीसारखी दिसतीलच असं नाही.

मालकांना माश्या अजून दिसत राहतील. लेसर त्यांना हटवत नाही, ते फक्त भोकाची कड डागून चिकटवतं. ती चिकटायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर भाजीची पोती उचलायची नाहीत. डावा डोळाही थेंब घालून बघितला का, तेवढं विचारून घ्या. उणे आठवाल्याचे दोन्ही डोळे सारखेच पातळ असतात.

घाटातून ये-जा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फार कुणी सांगत नाही. पडदा सुटल्याच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात वायू भरतात, तो दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत आत राहतो. उंचावर हवेचा दाब कमी झाला की तो फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. विमान वर्ज्य, हे सगळे सांगतात. पण गोव्यात समुद्रकाठाला ऑपरेशन करून चोर्ला किंवा आंबोली घाट चढून आलात, तर तुम्ही साडेसातशे मीटरच्या आसपास वर आलेले असता. डिस्चार्ज घेताना ‘आम्ही घाटावर राहतो’ हे सर्जनला स्वतःहून सांगा. वायूऐवजी सिलिकॉनचं तेल भरलं असेल तर ही अडचण नाही, पण ते पुढे काढून घ्यावं लागतं.

आता सासरे.

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय. मोती दोन दिवसांत येत नाही आणि काळ्या धाग्यांनी तर मुळीच सुरू होत नाही. हा शुगरचा पडद्यावरचा आजार आहे. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या आधी झिरपायला लागतात, मग जागोजागी बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून एक रसायन सोडतो. वाहिन्या फुटतातही, पण कच्च्या. एक दिवस त्यातली एखादी फाटते, गरात रक्त उतरतं, आधी धागे दिसतात, मग धूर. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते, त्यामुळे यातलं काहीही दुखत नाही. इतकी वर्षं आत जे चाललं होतं त्याची सासऱ्यांना खबर नव्हती, यात त्यांची चूक नाही.

पण मला डाव्यापेक्षा उजव्या डोळ्याची काळजी जास्त वाटते. ‘त्या डोळ्यानं बरं दिसतं’ असं तुम्ही लिहिलंत. हा आजार दोन्ही डोळ्यांत येतो, थोडा पुढे-मागे. नव्या वाहिन्या फुटलेला डोळा रक्त उतरायच्या आदल्या दिवसापर्यंत चार्टवरची सगळ्यात खालची ओळ वाचू शकतो. मोती काढल्यापासून त्या डोळ्याचा पडदा कुणी थेंब घालून बघितलाय का? शिबिरातल्या कागदावर तसं लिहिलेलं नसेल, तर बघितलेला नाही असंच धरा. बेळगावला गेलात की डाव्या डोळ्यासाठी नंबर लावा, पण उजव्यातही थेंब घालून घ्या. घरातला वापरातला डोळा तोच आहे.

मोती पिकू द्यायची कल्पना जुनी, टाके घालायच्या ऑपरेशनच्या काळातली. शुगरवाल्याच्या बाबतीत ती घातक आहे, कारण मोती पिकला की मागचा पडदा डॉक्टरला दिसतच नाही आणि लेसरही करता येत नाही.

सुगीपर्यंत थांबायचं का? नाही. महिना आधीच गेलाय. आणि इथे एक फसगत होते, ती दिरांनाही सांगा. गरातलं रक्त काही वेळा आपोआप खाली बसतं, पाच-सहा आठवड्यांत नजर बरीच सुधारते. घरचे म्हणतात, बघा, वैद्याचे थेंब लागू पडले. कच्च्या वाहिन्या मात्र आत तशाच असतात. पुढच्या खेपेला जास्त रक्त येतं, त्याबरोबर व्रणाच्या दोऱ्या तयार होऊन पडदा ओढून सोडवतात, आणि मग लेसर-सुईनं भागत नाही, मोठं ऑपरेशन लागतं. नजर सुधारलेली असतानाच जायला हवं, कारण पडदा दिसतो तेव्हाच लेसर नीट करता येतं.

वैद्याचे ते थेंब आता घालू नका. बाहेरून घातलेले साधे थेंब मागच्या पडद्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत, आणि लेबल नसलेल्या बाटलीत स्टेरॉइड असलं तर काचबिंदू मागे लागतो. बाटली टाकून देऊ नका, दवाखान्यात दाखवा. नणंदेला मात्र बोल लावू नका, बिचारीनं काळजीपोटीच आणलेत.

जाईपर्यंत दोन उश्या घेऊन डोकं उंच ठेवून झोपायला सांगा, म्हणजे रक्त तळाशी बसेल. पोती उचलणं, खाली वाकून जोर लावणं बंद. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनानं थांबवू नका, पडद्याच्या डॉक्टरांना फक्त सांगा.

तपासणीला दिवस मोकळा ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब चढायला अर्धा तास लागतो आणि पुढे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. त्यांना मोटरसायकलवरून परत पाठवू नका. रक्तामुळे पडदा दिसला नाही तर डोळ्याची सोनोग्राफी करतात, पडदा सुटला आहे का ते कळायला. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशानं घेतलेला फोटो, स्पर्शही होत नाही. मधल्या भागाला सूज किती आहे ते त्यात दिसतं. हाताच्या शिरेतून रंग सोडून फोटो काढले तर अंग पिवळसर दिसतं आणि दिवसभर लघवी गडद पिवळी होते, कावीळ झाली म्हणून घाबरू नका. आणि क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीन बघून घ्या. डोळ्याच्या बारीक वाहिन्या बिघडलेल्या माणसाची मूत्रपिंडंही तपासायची असतात.

आता सुई. सासरे हटून बसलेत ते तिच्या कल्पनेनं, म्हणून खोलीत नेमकं काय होतं ते लिहितो. हे त्यांना वाचून दाखवा.

खाटेवर उताणं झोपवतात. डोळा बधिर करायचे थेंब तीन-चार वेळा घालतात. मग पापण्या आणि डोळा तपकिरी बेटाडिननं धुतात. खरं चुरचुरतं ते हेच, आणि जंतू मारायला तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सहन करायचं. तोंडावर भोक असलेलं कापड, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा. डॉक्टर म्हणतात, वर बघा, हलू नका. सुई काळ्या बुबुळातून जात नाही. त्याच्या कडेपासून चार मिलिमीटर सोडून, पांढऱ्या भागातून, केसासारखी बारीक सुई आत जाते. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. दाबल्यासारखं वाटतं, दोन-तीन सेकंदांत संपतं. बाहेर येऊन बाकावर बसेपर्यंत बहुतेक जण विचारतात, झाली का? नजरेच्या खालच्या बाजूला गोल काळे बुडबुडे तरंगताना दिसले तर ते हवेचे, दिवस-दोन दिवसांत जातात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो आठवडाभरात फिका होतो. काही दिवस डोळ्यात नळाचं पाणी नको, गोठ्यात झाडलोट नको, भात झोडपायच्या जागी जायचं नाही.

सुईनं डोळा जातो का? जाऊ शकतो, खोटं सांगणार नाही. जंतुसंसर्ग हा खरा धोका. नीट केलेल्या इंजेक्शनांत तो हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात डोळा दुखायला लागला, लाली वाढली, नजर उतरली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जायचं. वेळेत गेलं तर त्यावरही उपचार होतो. तुमच्या गावातल्या त्या गृहस्थांचं नक्की काय झालं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. मात्र माझ्या बघण्यात असे डोळे बहुतेक वेळा सुईआधीच हाताबाहेर गेलेले असतात, किंवा एक सुई घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणून माणूस परत गेलेला नसतो. आपल्याकडे सुईची पाळी येते तीच मुळात सगळं करून थकल्यावर, आणि दोष शेवटच्याच्या माथी बसतो.

एका सुईत हे काम होत नाही, हेही आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला महिन्याला एक, मग ओसीटी बघून अंतर वाढवत नेतात. मधल्या भागाला सूज असेल तर पहिल्या वर्षात सात-आठ लागणं काही वेगळं नाही. पुढच्या वर्षी कमी होतात.

औषधांची नावं कानावर पडतील ती अशी: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. तिन्ही त्या वाहिन्या फुटवणाऱ्या रसायनाला अडवतात. बेव्हासिझुमॅब मूळचं कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याच्या पेटीवर परवानगी छापलेली नसते, पण जगभर वापरतात आणि बाकीच्यांच्या मानानं ते फारच स्वस्त. म्हातारपणी पडद्याच्या मध्यावर होणाऱ्या आजारात ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरतं, असं अमेरिकेतल्या सरकारी खर्चाच्या मोठ्या चाचणीत २०११ साली दिसलं. शुगरच्या सुजेत नजर फार उतरलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट पहिल्या वर्षी थोडं सरस पडतं. माझं मत विचाराल तर महागातली एक सुई घेऊन थांबण्यापेक्षा स्वस्तातल्या ठरलेल्या सगळ्या घेतलेल्या बऱ्या. एकच बाटली अनेकांसाठी भागवून वापरतात, म्हणून ती निर्जंतुक जागी भागवली जाते का, हे विचारायला लाजू नका. आणि गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा किंवा लकव्याचा झटका आला असेल तर सुई घेण्याआधी सांगा.

लेसरबद्दल गैरसमज उलटा असतो, लेसर केलं की स्वच्छ दिसेल असा. कडेच्या, उपाशी राहिलेल्या पडद्यावर शेकडो बारीक डाग देतात, म्हणजे ते रसायन तयार व्हायचं थांबतं आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. दोन-तीन बैठकांत होतं. कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते, पण मधली वाचते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नजर पार जाण्याचं प्रमाण लेसरनं निम्म्याहून खाली आलं होतं, आणि आजही आपण ते करतो आहोत, यावरून काय ते समजा. इंजेक्शनांनी हे काम काही प्रमाणात होतं, पण त्यासाठी दर महिन्याला न चुकता यावं लागतं. जांबोटीकडून पावसाळ्यात न चुकता येणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून तुमच्या सासऱ्यांसाठी मी लेसरच्या बाजूनं आहे. अर्थात शेवटचा निर्णय डोळा बघणाऱ्याचा. रक्त दोन-तीन महिन्यांत बसलं नाही, किंवा सोनोग्राफीत पडदा ओढलेला दिसला, तर गर काढून टाकायचं ऑपरेशन लागेल.

किती नजर परत येईल? रक्तानं झाकलेली येऊ शकते. मधला पडदाच खराब झाला असेल तर तेवढी यायची नाही. रक्त बाजूला झाल्याशिवाय कुणीही आकडा सांगू नये.

शुगरच्या गोळ्या लावणीत चुकतात, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. एकदा सकाळी मोजलेल्या साखरेवरून काही कळत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा, ती साधारण सातच्या जवळ हवी. गोळ्यांची डबी भाकरीच्या डब्यात टाका, शेतावर जेवण तर होतंच ना! बीपीकडे लोक डोळ्याच्या संदर्भात बघतच नाहीत. ब्रिटनमधल्या १९९८ च्या मोठ्या अभ्यासात बीपी आटोक्यात ठेवल्यानं पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी झालं होतं. पडद्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या शुगरच्या या आजाराला उपयोगी नाहीत, ते पैसे वाचवा.

बेळगाव, हुबळी की मिरज? ज्या दवाखान्यात पडद्याचा स्वतंत्र डॉक्टर आहे आणि लेसर, सुई, मोठं ऑपरेशन हे तिन्ही एकाच छताखाली होतं, असा सगळ्यात जवळचा. मोठ्या नावापेक्षा जवळचा बरा, कारण वर्षभर चकरा आहेत. सुरुवात बेळगावातच करा. केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, सरकारी बिम्स रुग्णालय आहे. मोठ्या ऑपरेशनसाठी त्यांनी पुढे पाठवलं किंवा दुसरं मत हवं असलं तर हुबळीला एम. एम. जोशी नेत्रालय. तुम्ही सोबत असाल तर कर्नाटकाच्या साध्या बसला शक्ती योजनेत बायकांना प्रवास फुकट आहे, सासऱ्यांचं तेवढं तिकीट काढा.

खर्चासाठी आधी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. बीपीएल रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण बहुतेक उपचारांना सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आधी लागते, म्हणून बिम्सपासून सुरुवात केलेली सोयीची. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजनाही २०२३ मध्ये जाहीर केली. त्यावरून दोन्ही सरकारांची जुंपली ते तुम्ही वाचलंच असेल. मिरज-कोल्हापूरला जायचं ठरलं तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, फोन करून आपलं गाव यादीत आहे का आणि हा उपचार बसतो का, हे विचारून मगच बस धरा. नंतर पावत्या घेऊन गेलात तर कुठल्याही राज्यात कुणी ऐकत नाही. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं, सही-अंगठ्याआधी ते मराठीत समजावून द्या म्हणा. बेळगावात सांगणारा कुणी ना कुणी असतोच. कुठला डोळा, डावा की उजवा, ते मात्र स्वतः वाचा.

याच आठवड्यात निपाणीच्या एका वाचकानं लिहिलंय, की सत्तरीच्या आईला दाराची चौकट वाकडी दिसते आणि माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा. हा वयानं होणारा, पडद्याच्या मध्यावरचा आजार. त्यातला रेषा वाकड्या दिसणारा, ओला प्रकार वेळेत सुया दिल्या तर आवरतो, म्हणून याच आठवड्यात न्या. कोरड्या प्रकारात मधल्या टप्प्यावर ल्युटिन, झिअॅक्झॅन्थिन, जस्त आणि क आणि ई जीवनसत्त्वाच्या ठरावीक गोळ्या आजार पुढे सरकणं मंदावतात, सगळ्यांनाच त्या नकोत. विडी ओढणाऱ्यांत हा आजार जास्त, तंबाखूच्या गावातल्या निपाणीकरांना हे सांगणं म्हणजे जिवावर येतं, पण खरं आहे. घरी बघायचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर वाचायचा चष्मा लावून उभं राहायचं, एक डोळा हातानं झाकायचा, मधल्या एका तारखेवर नजर ठेवायची आणि चौकटीच्या रेषा सरळ आहेत का बघायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलंत तर चांगला डोळा वाईटाचं पाप झाकतो.

एखाद्याला क्षणात, न दुखता, एका डोळ्यानं पार अंधार झाला तर ती पडद्याची धमनी बंद पडल्याची शक्यता असते. तो डोळ्याचा लकवाच समजा, आणि नेत्रदवाखान्याच्या नंबराची वाट न बघता लकव्यावर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात तासाभरात पोचा. अपुऱ्या दिवसांच्या, दोन किलोच्या आतल्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघायलाच हवा, काचेच्या पेटीतून घरी सोडताना याची चिठ्ठी मागून घ्या.

तुमच्या घरात आणखी कुणाला बघायचं म्हणाल, तर दिरांना आधी साखर तपासायला लावा. वडिलांना आहे, तर त्यांना असण्याची शक्यता बरीच. निघाली तर त्याच आठवड्यात पडदा तपासणी, आणि पुढे वर्षातून एकदा, दिसत असो वा नसो. फोनवर तुम्ही सांगितलंत, की धाकट्याच्या वेळी तुम्हालाही शुगर झाली होती आणि बाळंतपणानंतर गेली. तेवढ्यानं पडद्याला काही होत नाही, पण अशा बायकांना पुढे कायमची शुगर होण्याचा संभव जास्त असतो. सासऱ्यांना घेऊन बेळगावला जाल त्या दिवशी उपाशीपोटी निघा, दवाखान्यातच तुमचंही रक्त द्या, मग खा.